पासवर्ड मी बदलला

आमच्या घरच्या वायफायचा पासवर्ड मी माझ्या हातांनी बदलला. कोणाला विचारलं नाही, कोणी फोन धरून दाखवलं नाही. चौथीपर्यंत शिकलेला माणूस असलं काम करतो म्हणून वाड्यावर काही जणांना हसू आलं. येऊ दे. ज्यांना हसू आलं त्यांच्या घरचे पासवर्ड त्यांची नातवंडं घालतात.

गोव्यात चोपड्याला नदीच्या वरच्या अंगाला आमचं घर. घर एक, दारं दोन. वडील गेल्यावर काही वर्षांनी माझी आणि धाकट्या भावाची चूल वेगळी झाली, तेव्हा मधोमध चिऱ्यांची भिंत घातली. चूल वेगळी झाली तरी गणपती एकच राहिला. आमच्याकडे असंच असतं. भाऊ शेत वाटून घेतात, माड वाटून घेतात, विहिरीवर वार लावतात, पण चवथीला सगळे थोरल्याच्या खोलीत जमतात. थोरला मी. गणपती वेगळा केला म्हणजे घर संपलं, असं आमच्याकडे मानतात. मीही मानतो.

वायफायचा डबा माझ्या पुण्याच्या मुलाने सुट्टीवर आला तेव्हा बसवून घेतला, पासवर्डही त्यानेच घातला. कंपनीचा माणूस आला आणि त्याने तो नेमका त्या मधल्या भिंतीवर ठोकला. भावाचा मुलगा दुसऱ्याच दिवशी फोन घेऊन आला. "काका, तुमचा नेट आमच्याकडे पण येता." मी म्हटलं, "मग घाल. भिंतीन अडवूक नाय तर मी कित्याक अडवू?" तेव्हापासून पलीकडचे फोन, टीव्ही, सगळं माझ्या डब्यावर चालायचं. मी कधी बोलून दाखवलं नाही.

भावाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून तो बराचसा पडून असतो. दुपारी फोनवर दशावतारी नाटकं लावतो. कान गेलेत, म्हणून आवाज मोठा. राक्षस आला की आमच्या भिंतीला कळायचं. मी माझ्या बाजूला भिंतीला कदेल, म्हणजे खुर्ची, लावून बसायचो आणि ऐकायचो. माझ्या फोनवर मी कधी नाटक लावलं नाही. पलीकडचं ऐकू येत होतं, लावायचं कशाला?

गेल्या वर्षी चवथीच्या आधी भाऊ काठी टेकत माझ्या सोप्यावर आला होता. त्याच्या मुलाचं नुकतंच लग्न झालं होतं. म्हणाला, "दादा, यंदा पुजेक पोराक आणि सुनेक बसय. पयलीच चवथ त्यांची."

मी म्हटलं, "मी जिता आसंय मरे अजून."

"तसा नाय म्हणणंय मी. एकाच वर्साचा."

"एका वर्साची दोन वर्सां होतत."

तो काठी टेकत परत गेला. पूजेला मी बसलो. नवी सून दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, नऊवारी नेसून. ती नेसायला तिला किती वेळ लागला ते माझ्या बायकोने मला नंतर ऐकवलं. मी सरळ बोलतो: चूक केली असं मला तेव्हा वाटलं नाही. वडिलांच्या मागे चाळीसेक वर्षं त्या पाटावर मी बसतोय. पाट माझा आहे, तो मागून मिळत नाही, असं माझं म्हणणं होतं.

यंदा श्रावण सुरू झाला आणि एका दुपारी फोन वाजला. आमच्या घराण्याचा एक ग्रुप आहे फोनवर. डिचोलीचे चुलत भाऊ त्यात, केरीला दिलेली बहीण त्यात, पुण्या-मुंबईची पोरं त्यात. भावाच्या मुलाने लिहिलं होतं. मी चष्मा लावून एकेक अक्षर वाचलं. यंदापासून आम्ही गणपती आमच्या घरी आणत आहोत, सर्वांनी दर्शनाला व प्रसादाला यावे. खाली जास्वंदीचं चित्र आणि जोडलेले हात.

मी सोप्यावर बसलो होतो. भिंतीपलीकडे भाऊ खोकत होता. मला ऐकू येत होतं. दहा पावलांवरचा माणूस, आणि घर मोडल्याची बातमी मला फोनवर, सगळ्या जगाबरोबर. आणि ती आली कुठून? माझ्याच डब्यातून. डिचोलीवाल्यांनी लगेच अंगठे वर केले. बहिणीने फुलं पाठवली. मला कोणी विचारलं नाही.

मी स्टूल घेतलं आणि डबा काढला. त्याच्या पोटावर कागद चिकटवलेला असतो, त्यावर डब्याचं नाव आणि त्याची किल्ली छापलेली असते. मुलगा हे सगळं करताना मी शेजारी उभा राहून बघितलं होतं. त्याला वाटलं असेल म्हातारा उगाच उभा आहे. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण अक्षरं सगळी ओळखतो. चोपडे–शिवोली फेरीबोटीवर मी जन्मभर खलाशी होतो. पूल होईपर्यंत ह्या किनाऱ्याची प्रत्येक गाडी मी हात दाखवून फळीवर चढवली. गाड्यांच्या नंबरपट्ट्यांवर मी ही अक्षरं शिकलो. मास्तर नव्हता, छडी नव्हती.

फोनमध्ये डब्याचं ते पान उघडलं. कागदावरची किल्ली घातली. एकदा चुकली, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा लागली. आत कुलपाचं चित्र असलेली ओळ होती. तिथे बोट ठेवलं तर नवा पासवर्ड मागितला. मी घातला. परत एकदा घाल म्हणाला, परत घातला. मग त्याने काहीतरी लांबलचक विचारलं. त्यातलं मला काही कळलं नाही. कळायची गरजही नव्हती. मी हो केलं.

डब्यावरचे दिवे गेले. माझ्या स्वतःच्या फोनचं नेटही गेलं. खोटं का सांगू? वाटलं, डबाच मेला. मग एकेक दिवा परत लागला, फोनने पासवर्ड मागितला, मी दिला, तो घेतला. बायको स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती.

"काय चल्ला तुमचा?"

"कुलूप बदललं."

"चोर खंयचो इलो?"

"गणपती वेगळो तर नेट पण वेगळो," मी म्हटलं. हे वाक्य मी तयार ठेवलं होतं, पण ते तिच्यासाठी नव्हतं. पलीकडून कोणी विचारायला आलं की त्याच्या तोंडावर टाकायचं होतं. नेट कुठे गेलं म्हणून ते येणार, मग मी बसा म्हणणार, मग विषय निघणार आणि मेसेज पाठवणाऱ्याची मान खाली जाणार. असं मी ठरवलं होतं. गणपती परत एक करायचा दुसरा रस्ता मला दिसत नव्हता. आपण उठून त्यांच्या दारात जायचं, हे तर मनातही आलं नाही.

"येतले नाय ते," बायको म्हणाली.

"टीव्ही बंद पडलोहा. येतले."

आले नाहीत. संध्याकाळच्या मालिकेच्या वेळी पलीकडे सामसूम. दुसऱ्या दिवशी दुपारी राक्षस आला नाही. मी कदेलवर बसून होतो, भिंत गार. तिसऱ्या दिवशीही तसंच. भावाची बायको विहिरीवर माझ्या बायकोशी भोपळ्याबद्दल बोलली, नेटबद्दल एक शब्द नाही.

चौथ्या दिवशी सकाळी पोदेर पाव देऊन गेला आणि त्याच्या मागोमाग काठीचा आवाज आला. भाऊ. सोप्याची पायरी चढायला त्याला वेळ लागला. मी हात दिला नाही. तो बसला, दम घेतला.

"दादा, पासवर्ड बदललंस मरे."

"बदललंय."

"स्कूटरचो नंबर घातलंस."

आम्ही दोघांनी मिळून एक स्कूटर घेतली होती, चूल एक होती तेव्हा. त्याच स्कूटरवरून मी त्याला मुलगी दाखवायला नेला होता, त्याच स्कूटरवरून आईला म्हापशाच्या डॉक्टरकडे नेली. कधीच विकली ती.

"तुका कसो कळलो?"

"तू आणि काय घालतलंस? दुसरो खंयचो नंबर तुका पाठ आसा?" तो हसला. "पयल्याच दिसा घालून बघलंय. लागलो."

"मग नाटक कित्याक लावलंस नाय?"

"पोराक सांगून परत काढूक लावलंय. तू दिलंस तेव्हा घेतलंय. तू बंद केलंस ता चोरून घेवचा?"

माझं तयार वाक्य टाकायला जागाच राहिली नाही. बायकोने चहा आणून ठेवला. त्याने बशीत ओतला, फुंकर घातली.

"मेसेजाचा पोराचा चुकला," तो म्हणाला. "तोंडार सांगूक व्हया व्हता. मी तेका बोललंय. म्हणान मी सांगूक इलंय. आणि एक विचारूक." त्याने बशी खाली ठेवली. "मूर्ती अजून सांगूक नाय. पुजेक पोराक बसूक दी, एक वर्स. मग आम्ही हयच. मी ग्रुपार लिवतंय, चुकून पडला म्हणान."

माझी बायको दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं. असं ती फारसं बघत नाही.

मला हवं होतं ते समोर येऊन बसलं होतं. हो म्हणायला एक शब्द लागतो. मी काय म्हटलं ते मला आज लिहितानाही जड जातंय.

"नेट चालू करतंय," मी म्हटलं. "आत्ताच करतंय. पण पाटार मीच बसतलंय."

भावाने काठी ओढून घेतली. "नेट कोणाक व्हया, दादा," म्हणाला आणि उतरला. चहा अर्धा राहिला होता. बायकोने बशी उचलली आणि आत जाऊन आपटली. त्या दिवशी तिने माझ्याशी बोलणं ठेवलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

आठवड्याने पलीकडे नवा डबा लावायला माणूस आला. त्याने भिंतीला भोक पाडलं ते माझ्या बाजूला फुटता फुटता राहिलं. चुना माझ्या कदेलवर पडला. मग दुपारी राक्षस परत आला. मी कदेल उचलून सोप्यावर नेली.

चवथ आली. आमची माटोळी, गणपतीच्या डोक्यावर बांधतात ती लाकडी चौकट, दरवर्षी दहा हातांनी बांधायची: नारळ, सुपारीचे घड, चिबूड, रानातली फळं. पोरं रानात जायची, बायका सोलून द्यायच्या, भाऊ खाली बसून गाठी सांगायचा. यंदा मी आणि बायको. मुलाला सुट्टी मिळाली नाही. वरच्या गाठींपर्यंत माझा हात पोचेना, म्हणून अर्धी चौकट रिकामीच राहिली. भटजी एकच, त्याने आधी माझ्याकडची पूजा केली, पण त्याचं लक्ष घड्याळाकडे. पलीकडे तीस माणसं आणि झांजा. आम्ही दोघं आरती म्हणत होतो ती आम्हालाच ऐकू येईना. डिचोलीवाले आले, माझ्याकडे पाच मिनिटं बसले आणि तिकडे जेवायला गेले. पाटावर मीच बसलो होतो. उठताना गुडघे धरले आणि बायकोने काखेत हात घालून उठवलं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी विसर्जन. मूर्ती उचलायला मी वाकलो तेव्हा भावाचा मुलगा दारात आला. स्वतःची मूर्ती त्यांनी आधीच नदीवर नेली होती. सोवळं नेसलेला, कपाळावर गंध.

"काका, सरा. मी घेतंय."

"तुझो तुका आसा," मी म्हटलं.

"तो नेवन ठेवलो. हो गणपती पण आमचोच."

"हात लावू नको."

तो हात पुढे केलेला तसाच उभा राहिला. मग गेला. शेजारी बांधकामावर बेळगावकडचे दोन गवंडी होते, बायकोने त्यांना हाक मारली. त्यांनी पाय धुतले, टोप्या काढल्या आणि मूर्ती सांभाळून उचलली. आपल्या पद्धतीने जयघोषही केला. मी मागून चाललो.

मला वाटलं होतं, तिकडचा गणपती कधीच गेला असेल. गेला नव्हता. घाटावर फळीवर तो ठेवलेला, सगळी माणसं बाजूला उभी, झांजा बंद. थोरल्याचा आधी जातो, म्हणून थांबले होते. किती वेळ थांबले होते कोणास ठाऊक. भाऊ कदेलवर बसला होता, पाय लांब करून. मला बघून त्याने कदेलच्या हाताला धरलं आणि उठायला लागला. लहानपणापासून मी आलो की तो जागा सोडतो, त्याला कोणी शिकवावं लागलं नाही. पाय साथ देईना. त्याची सून धरायला पुढे आली, त्याने तिला हाताने मागे केलं.

मी नुसतं बस म्हणायचं होतं. गवंडी पाण्यात उतरले, मी पाठमोरा झालो. मूर्ती बुडेपर्यंत भाऊ तसाच राहिला, अर्धा उठलेला, आणि मी त्याला बस म्हटलं नाही.