खोक्यावरची बाई

आमचे हे पुठ्ठ्याची खोकी करतात. पस्तीस वर्षं तेच. घराच्या मागे कारखाना, सात माणसं, एक कापायचं मशीन, एक छपाईचं, आणि सगळीकडे खळीचा वास. लोक ह्यांना देवमाणूस म्हणतात. म्हणोत बापडे. लोकांना ह्यांच्याबरोबर दुकानात जावं लागत नाही.

कारण ह्यांचा एक नियम आहे. जो आपल्याकडून खोकी घेतो, त्याच्याकडूनच आपण माल घ्यायचा. लग्न झालं तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं होतं. कोपऱ्यावरचा चपलावाला ह्यांची खोकी घ्यायचा, हे त्याच्याकडून चपला घ्यायचे, आणि दोघं दारात उभं राहून तासभर गप्पा हाणायचे. पुढे गिऱ्हाइकं मोठी झाली, गप्पा संपल्या आणि अट तेवढी राहिली. पंखेवाल्यांची ऑर्डर आली म्हणून तीन खोल्यांच्या घरात पाच पंखे लागले. रंगवाल्यांची आली तेव्हा भिंतींची अशी कळा झाली की पाहुणे विचारायचे, अजून एक हात मारायचा राहिलाय का? साबणाने माझे हात सोलवटले, तरी साबण तोच. मी कुरकुर केली की हे म्हणायचे, अगं, धंद्यात असं असतं. त्यापुढे मी काय कपाळ बोलणार?

मग मला ऐकू येईनासं झालं, आणि नेमकं तेव्हाच ह्यांना कानाची मशीनं बनवणाऱ्या कंपनीचं काम मिळालं. अर्धा कारखाना त्या एका कामावर चालायला लागला. कंपनीचे खरेदीचे साहेब एकदा घरी आले, माझ्याशी बोलताना ह्यांना ओरडावं लागतं हे त्यांनी बघितलं, आणि पुढच्याच आठवड्यात त्यांचं मशीन माझ्या कानात आलं. फुकट नव्हे हो, विकत.

त्या मशीनमधून मला भांडी ऐकू यायची. पंखे ऐकू यायचे, पाचही. माणसं तेवढी ऐकू यायची नाहीत. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून कागदावर लिहून दिलं की हे मशीन तुमच्या कानाला उपयोगाचं नाही, अमुक दुसऱ्या कंपनीचं घ्या. तो कागद ह्यांनी चार वेळा वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. मग मला समोर बसवून, ओठ नीट हलवत म्हणाले, साहेब महिन्यातून एकदा येतात, त्यांना तुझ्या कानात दुसऱ्याचं मशीन दिसलं तर काम जाईल. सात माणसांची घरं आहेत. जरा सांभाळून घे.

मी सांभाळून घेतलं. चार वर्षं. साहेब आले की मशीन लावायचं, चहा ठेवायचा, समोर बसायचं आणि त्यांचे ओठ थांबले की हसून मान हलवायची. बहुतेक वेळा खपून जायचं. एकदा त्यांचे वडील वारल्याचं ते सांगत होते म्हणे, तेव्हाही मी हसून मान हलवली. त्यानंतर हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला ते तिसऱ्या दिवशी कळलं.

शीण येतो हो ह्याचा. कामाने आला नाही इतका शीण मला मान हलवून आला. नातीचा फोन आला की मी नुसतं "हो बाळा, हो बाळा" करायचे, आणि ती पोर काय सांगत होती देव जाणे. नंतर नंतर तिने फोन करणंच कमी केलं.

गेल्या महिन्यात साहेब एका फोटोवाल्याला घेऊन आले. बराच वेळ बोलले. ओठ थांबले, मी हसून मान हलवली. मग त्या माणसाने माझे फोटो काढले. मला वाटलं, लावायचे असतील ऑफिसात कुठेतरी.

आठ दिवसांनी हे कारखान्यातून घरात आले आणि त्यांनी माझ्यापुढे छपाईचा नमुना ठेवला. नव्या खोक्याचा. वरती मी, दात दिसतील इतकी हसणारी, आणि खाली ठळक अक्षरांत ओळ होती, 'आता मला सगळं ऐकू येतं'. ती ओळ वाचून माझ्यासारखीच कुणी बाई हे मशीन विकत घेणार आणि भांडी ऐकत बसणार, असं मनात आलं.

मी विचारलं, हे कुणी ठरवलं? हे म्हणाले, साहेबांनी तुला विचारलं होतं की. तू हो म्हणालीस.

खोटं नव्हतं ते. मी हो म्हणाले होते. राग असा आला की माझा आवाज किती चढला तेही मला कळलं नाही.

"मला नाही ऐकू आलं," मी म्हटलं. "पण तुम्ही शेजारीच बसला होतात. तुम्हाला तर ऐकू येतं ना?"

हे मान खाली घालून काहीतरी पुटपुटले. मी त्यांची हनुवटी धरून तोंड वर केलं. इतक्या वर्षांत असं कधी केलं नव्हतं.

"आलं होतं ऐकू," हे म्हणाले. डोळे भरले होते. मला त्यांची कीव आली, आणि राग काही गेला नाही.

त्यांनी तिथूनच साहेबांना फोन लावला. तोंड माझ्याकडे करून, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "साहेब, तुमच्या मशीनमधून माझ्या बायकोला ऐकू येत नाही. कधीच आलं नाही." मग बराच वेळ नुसते ऐकत राहिले. काम गेलं, असं मी धरूनच चालले. कारखान्यातल्या माणसांना काय सांगायचं ह्याची मनात जुळवाजुळव करत बसले.

फोन ठेवून हे खुर्चीत टेकले. काम गेलं नव्हतं. साहेब म्हणाले होते, अहो, मग आधी सांगायचं ना, दुसऱ्या कुणाचा फोटो टाकतो. खोकी मात्र शुक्रवारपर्यंत हवीत.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आम्ही ते दुसऱ्या कंपनीचं मशीन आणलं. आता नातीचं बोलणं ऐकू येतं. फार बोलते कार्टी. ह्यांची मात्र माझ्याशी ओरडून बोलायची सवय अजून गेलेली नाही.

शुक्रवारी दुपारी मी कारखान्यात गेले. खोक्यांच्या थप्प्या लागल्या होत्या, माणसं घाईत होती. खोक्यावर माझ्याच वयाची एक बाई हसत होती. खालची ओळ तीच. मी ह्यांना विचारलं, ही कोण?

"त्या कंपनीला बॅटऱ्या पुरवतो ना, त्याची आई," हे म्हणाले, आणि त्यांनी पुढचं खोकं दुमडायला घेतलं.