नाव बदललेली युद्धनौका

संग्रहालयात काचेच्या पेटीत सतराव्या शतकातल्या एका इंग्रज युद्धनौकेची लाकडी प्रतिकृती आहे. तिची सगळी कारकीर्द खालच्या पाटीवर चार ओळींत उरकली आहे. राजाचा शिरच्छेद करणाऱ्यांनी ती बांधली आणि राजाच्या सैन्यावर मिळवलेल्या एका विजयाचं नाव तिला दिलं. पुढे त्याच राजाचा मुलगा गादीवर आला आणि तिला राजघराण्यातलं नाव मिळालं. मग पुन्हा लढाया.

"बघ, नाव बदललं म्हणून जहाज काही बुडालं नाही," नितीन म्हणाला.

आम्ही दोघं मिळून 'ठिणगी' नावाचं पत्रक काढतो. एक पुढारी ते फुकट छापून द्यायला तयार आहे. त्याची अट एकच, नाव 'नवी पहाट' करायचं.

"बुडालं नाही, पण तोफा कुणासाठी उडायला लागल्या?"

"तू ना, लाकडावरसुद्धा संशय घेशील!"

घेतोच. जुनं नाव खरवडलं जात असताना डेकवरचा एकही खलाशी काही बोलला नसेल? की सगळ्यांनी टोप्या काढून जयजयकार केला? पाटी त्याबद्दल गप्प आहे. लढाईत हरलेलं जहाज निदान हरलं असं म्हणता येतं. या जहाजाला काय म्हणायचं?

"नितीन, उद्या आपण त्यांना नाही म्हणून कळवतोय ना?"

तो पेटीवर आणखी वाकला.

"शिडं काय सुंदर केलीत रे," तो म्हणाला.