सारखी दारं अन् एक पिल्लू

लग्न होऊन मी नागपूरकडून भिलाईले आली, तेव्हा पोलाद कारखान्याची एक भट्टी पेटली होती, बाकी कारखाना अजून उभा होऊन राहिला होता. आमच्या सेक्टरात झाडाचं नाव नाही, नुसत्या क्वार्टरच्या रांगा, लाइनी म्हणत त्याले. भिंती तशाच, दारं तशीच, रंगही तोच. आल्या आल्याच भाजी घेऊन परतली ते थेट भलत्याच घरात शिरली. थैली चुलीजवळ ठेवून वळली, तर बनियनवर एक परका माणूस दाढी करून राहिला होता, अर्ध्या तोंडाले साबण. भाजी तिथंच टाकून पळाली मी.

सारी लाइन हसली. तेव्हापासून मी उंबऱ्याबाहेर पाय ठेवेना. दिवसभर दार लावून रडायची. आमच्या यांनी समजावून पाहिलं, शेवटी म्हणाले, "नसन जमत तं राहू दे. रविवारी तुले माहेरी पोचवून देतो." रागानं म्हणाले असते तर मी भांडली असती. ते रागावले नाही, म्हणून जीव जास्त तुटला.

त्याच सुमाराले यांनी साइटवरून एक पिल्लू आणलं होतं, ट्रकखाली येता येता वाचलेलं. हे पहिल्या पाळीले अंधारात सायकलवर निघाले की ते दाराशी कुईकुई करे. बाहेर नाही नेलं तर चुलीपुढंच घाण. किती पुसणार? जुन्या लुगड्याची किनार फाडून त्याच्या गळ्यात बांधली, दाराले कुलूप घातलं अन् निघाली. पहिल्या दिवशी विटांच्या ढिगापर्यंत. मंग लाइनच्या टोकापर्यंत. मी सारखी मागं वळून आपलं दार पाहत जाय, अन् ते रोज थोडं पुढं ओढे.

शनिवारी त्यानं मले शेवटच्या लाइनपलीकडं, मोकळ्या मैदानात नेलं. आन् बाप्पा! सूर्य निघायचा होता, तरी कारखान्यावरचं आभाळ लाल झालं होतं. भट्टीतून लोखंड सोडलं की असं दिसते, हे सांगत. मले ती फुशारकी वाटे. डबा घेऊन सायकलवर जाणाऱ्या माणसांनी आभाळ पेटवलं होतं! मी पाहतच राहिली. पिल्लूही गप बसून पाहून राहिलं होतं.

घरी जायले वळली, तं आपली लाइन कोणती ते कळेना. साऱ्या लाइनी सारख्या. विचारू कोणाले, अन् काय म्हणून? मी किनार सैल सोडली. पिल्लानं जमीन हुंगली अन् चालू लागलं, कुठं अडलं नाही. एका दारापुढं जाऊन बसलं. ते आपलं वाटलं नाही मले. भीत भीत किल्ली लावली, अन् कुलूप उघडलं. एवढंसं जनावर, त्याले हे कोणी शिकवलं? मी उंबऱ्यावरच बसली, त्याले मांडीवर घेऊन, कितीतरी वेळ.

दुपारी हे आले. उद्या न्यायची म्हणून मायी पेटी काढून पुसू लागले.

"राहू द्या," मी म्हटलं. "उद्या सकाळी याले फिरवाले कोण नेईन?"