फुवांची बत्तिसावी बोट

समुद्र नसलेल्या गावात राहून समुद्राची इतकी काळजी वाहणारा माणूस आमच्या फुवांखेरीज उभ्या खानदेशात दुसरा झाला नाही, आणि होणारही नाही. फुवा म्हणजे माझ्या वडिलांच्या बहिणीचे, आमच्या फुईचे, यजमान. मुक्काम ब्राह्मणपुरी. घरची केळी, थोडा ऊस, आणि साखर कारखान्यातली फिटरची नोकरी करून निवृत्त झालेला हा गृहस्थ गेली कित्येक वर्षं मासेमारीच्या जुन्या ट्रॉलरांच्या हुबेहूब छोट्या प्रतिकृती करतो. ब्राह्मणपुरीहून समुद्र पाहायचा तर एस.टी. बदलत बदलत दिवस मोडतो, पण फुवांच्या घरात पाऊल टाकलं की तुम्ही थेट बंदरात. फ्रीजवर ट्रॉलर, धान्याच्या कोठीवर ट्रॉलर, टीव्हीच्या दोन्ही बाजूंना ट्रॉलर, आणि देवघराच्या फळीवर बाळकृष्णाच्या पाळण्याला खेटून एक निळापिवळा ट्रॉलर. मी मोजले तेव्हा एकतीस भरले होते. त्यात फुई माळकरी. मासळी सोडा, घरात अंड्याचं टरफल आलेलं नाही. "घरमा एकतीस बोटी," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानानं सांगते, "पन बोंबीलना वास बी नही!"

फुवांचं सगळं काम एकास चाळीस या मापात चालतं. म्हणजे खरी वस्तू चाळीस सेंटिमीटरची असेल तर यांची एका सेंटिमीटरची. हे माप त्यांच्या डोळ्यांत इतकं भिनलं आहे की ते माणसांकडेही त्याच नजरेनं बघतात. एका लग्नात त्यांनी माझी ओळख करून दिली ती अशी : "हाऊ मन्हा सालाना पोऱ्या. शहादाले मास्तर शे. सव्वाचार सेंटिमीटर." नवऱ्याकडचे पाहुणे बराच वेळ माझ्याकडे संशयानं पाहत होते. त्याच लग्नात नवरीची जाळीची ओढणी फुवा चिमटीत धरून निरखत होते, तेव्हा फुईनं त्यांना दंडाला धरून मांडवाबाहेर नेलं. तिला अनुभव होता. तिच्या मच्छरदाणीचा एक एक पदर कापला जाऊन सव्वीस ट्रॉलरांची जाळी झाली होती. "ह्यास्ना जाळामा एक मासा सापडना नही," ती मला म्हणाली, "आन् गावना समदा मच्छर मन्हा अंगवर सोडी दिधात." सायकलचे आरे, टूथपेस्टची झाकणं, फुटक्या बांगड्या, माझ्या बापाच्या चष्म्याची काडी, सगळं त्या ट्रॉलरांवर कुठे ना कुठे चढलेलं आहे. लाकूड मात्र शिवणीच्या झाडाचंच. तोरणमाळकडून येणारा एक ओळखीचा माणूस ते आणून देतो. इतक्या लहान ओंडक्यांचं हे म्हातारबा काय करतात, हे त्यानं एकदाही विचारलं नाही. बहुधा ऐकायची भीती वाटली असावी.

नुसती बोट करून फुवांचं भागत नाही. तिचा इतिहास लागतो. कोणत्या सुतारानं बांधली, ती चालवणारा तांडेल कोण, खलाशी किती, इंजिन कुठलं, केबिनचा रंग कधी बदलला, शेवटी ती मोडीत गेली की वाळूत कुजली, हे सगळं ते लाल पुठ्ठ्याच्या वह्यांमध्ये लिहून ठेवतात. त्यासाठी किनाऱ्यावरच्या कचेऱ्यांना पत्रं जातात, फोन जातात. अशा फोनांसाठी फुवांनी एक खास शुद्ध मराठी राखून ठेवलं आहे. एकदा पलीकडच्या साहेबानं विचारलं, "आपलं जवळचं बंदर कोणतं?" फुवा क्षणभरही न अडखळता म्हणाले, "शहादा एस.टी. स्टँड. फलाट भरपूर आहेत." साहेबानं काय लिहून घेतलं देव जाणे, पण पंधरा दिवसांनी उत्तर आलं आणि त्यात एका ट्रॉलरच्या इंजिनाचा नंबर होता. त्या दिवशी फुईला पुरणपोळी करावी लागली.

नवी बोट झाली की ती शेतातल्या हौदात सोडायची, हा रिवाज. नारळ फुटतो, केळी कापायला आलेल्या बायका काम टाकून बघायला येतात, आणि शेजारच्या बांधावरून कोणीतरी हटकून ओरडतो, "आप्पा, काय सापडनं आज? पापलेट का म्हशीनं शेपूट?" फुवा लक्ष देत नाहीत. बोट एका अंगाला कलते का, पाणी कुठून शिरतं का, यावर त्यांचे डोळे खिळलेले असतात. आणि खरं सांगायचं तर फुवांच्या त्या डोळ्यांत मला कधी कधी गंमत दिसत नसे. काळजी दिसे. किनाऱ्यावर वादळाचा इशारा दिला की हा माणूस ब्राह्मणपुरीच्या रणरणत्या उन्हात जेवत नसे. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, असं टीव्हीवरची बाई म्हणाली की हे उठून ओसरीवर येरझाऱ्या घालत. आम्ही हसत असू. फुई हसत नसे.

एकदा मी फुवांच्या वह्या चाळत होतो. प्रत्येक बोटीला चारपाच पानं. एका वहीत मात्र एका पानावर नुसतं नाव होतं, 'चंद्रलक्ष्मी', आणि खाली सगळं कोरं. पुढची पानंही कोरी. फुवा शेतात गेले होते. मी फुईला विचारलं. तिनं निवडायला घेतलेली तूर बाजूला ठेवली.

फुवा तरुणपणी दीड वर्ष कोकणातल्या एका बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपात होते, हे मला ठाऊक होतं. पुढचं ठाऊक नव्हतं. वडील अंथरुणाला खिळल्याची तार आली आणि फुवा गावी निघाले. निघायच्या दिवशी 'चंद्रलक्ष्मी'चं इंजिन त्यांच्या हाताखाली उघडं पडलं होतं. इंजिनाच्या डोक्याखालचं गॅस्केट, म्हणजे सांधा गळू न देणारा पातळ पत्रा, खराब झालेलं, नवं मुंबईहून यायचं होतं. तांडेलाला घाई, फुवांना घाई. फुवांनी जुनंच साफसूफ करून पुन्हा बसवलं आणि म्हणाले, "एवढी एक फेरी चालेल." बोट बंदरातून निघाली, फुवा एस.टी.त बसले. चार दिवसांनी शहाद्याच्या स्टँडवर कोणाच्या तरी हातातल्या पेपरात त्यांनी वाचलं, की वादळात त्या बंदराच्या काही बोटी परतल्या नाहीत. नावं दिलेली नव्हती. वर्कशॉपला पत्र घातलं, ते परत आलं. मालक वर्कशॉप बंद करून निघून गेला होता. मग वडील गेले, शेत गळ्यात पडलं, लग्न झालं, आणि विचारायचं राहत गेलं. पुढे तर विचारायची भीती बसली.

"मंग ह्यास्नी बाकीन्या समद्या बोटी विचारी टाक्यात," फुई म्हणाली. "ती एक सोडीसन."

त्या दिवशी मी शहाद्याला परतलो ते मनात एक ठरवून. फुवांच्या काही बोटींचे फोटो मी फेसबुकवर टाकले आणि खाली बंदराचं नाव लिहून विचारलं, 'चंद्रलक्ष्मी' कोणाला आठवते का? दीड महिना काही नाही. मग एका बाईंचा निरोप आला : "माझे बाबा तिचे तांडेल होते. आता डोळ्यांनी दिसत नाही, पण सगळं आठवतं. तुम्ही कोण?"

बाबा 'होते' नव्हे, 'आहेत', हे कळायला मला तो निरोप तीनदा वाचावा लागला.

शनिवारी मी ब्राह्मणपुरीला गेलो, फुवांना ओसरीवर बसवलं, काय झालं ते सांगितलं आणि फोन लावून त्यांच्या हातात दिला. फुवांनी तो दोन्ही हातांत असा धरला जणू त्यात पाणी भरलेलं होतं. पलीकडून खणखणीत म्हातारा आवाज आला, "अरे, तूच काय तो शहाद्याकडचा पोर? किती शोधला तुला!"

 फुवांच्या तोंडी त्यांचं ते कचेरीचं शुद्ध मराठी आलं : "इंजिनाचं काय झालं होतं?"

"काय व्हायचं! अर्ध्या दिवसात तापलं. धूर असा, की माणसाला माणूस दिसेना. तुला दिली नाही अशी एक शिवी शिल्लक ठेवली नाही आम्ही. मग दुसऱ्या बोटीनं ओढत खाडीत आणलं. आम्ही खाडीत, आणि संध्याकाळी बाहेर वारा सुटला. पुढे गेलेल्या तीन बोटी आल्याच नाहीत, बाबा. आम्ही सातजण मात्र खाडीत बसून तुझ्या नावानं बोटं मोडत होतो. म्हणून वाचलो. नंतर पापलेट घेऊन वर्कशॉपवर गेलो तर कुलूप."

 फुई दारात उभी. मला वाटलं आता फुवा रडतील. ते म्हणाले, "म्हणजे गॅस्केट गळालंच."

"गळालं तर! धो धो गळालं!"

फोन ठेवल्यावर फुईनं विचारलं, "काय सांगं त्यास्नी?"

"समदा जिता ऱ्हायनात," फुवा म्हणाले. आणि थोड्या वेळानं, फिटरच्या दुखावलेल्या आवाजात, "पन गॅस्केट गळनं." मग ते उठून गोठ्याकडे गेले. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून, आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. तिकडे कोणी गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपण होऊन फोन लावला आणि त्या तीन बोटींची नावं विचारून घेतली. बोटींवरच्या माणसांचीही. वहीत ती एकाखाली एक लिहिली आहेत. तिथलं अक्षर फार जपून काढलेलं आहे.

'चंद्रलक्ष्मी' करायला आठ महिने लागले. वयानं फुवांचे हात थरथरायला लागले होते, एकेका खिळ्याला अर्धा तास जाई. रोज सकाळी तांडेलबाबांना फोन : केबिनची खिडकी कोणत्या अंगाला, जाळं ओढायच्या विंचची मूठ कशी, नाव लिहिलं होतं ते तांबड्या रंगात की पांढऱ्या. बोट तयार झाली तेव्हा आम्ही दोघं ती खोक्यात घालून निघालो. शहाद्याच्या स्टँडवर कंडक्टरनं विचारलं, "काय शे खोकामा?" फुवा म्हणाले, "ट्रॉलर." "ऊसनी ट्रॉली? मंग छपरावर टाका!" फुवांनी खोकं मांडीवर घेतलं ते कोकणापर्यंत खाली ठेवलं नाही.

तांडेलबाबा पडवीत खुर्चीवर बसले होते. त्यांच्या लेकीनं बोट त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांची बोटं पुढच्या टोकाच्या नाळेपासून निघाली, काठानं फिरली, केबिनवर चढली, विंचवर थांबली. मागच्या बाजूला एक बारीकसा डबा लागला. "हे काय?"

"चूल," फुवा म्हणाले.

"तू आमच्यात जेवायचास," म्हातारा हळूच हसला. "माशाचं कालवण नको म्हणायचास. नुसता भात, मीठ घालून." मग त्यानं इंजिनाच्या झाकणावर टकटक केलं. "आत काय घातलंयस?"

"नवं गॅस्केट," फुवा म्हणाले. "तांब्याचा पत्रा कापून. दिसत नाही. पण आहे."

 तांडेलबाबांनी नुसता हात पुढे केला, आणि तो हवेत चाचपडत होता तो फुवांनी धरला. मी आणि त्यांची लेक चहाचं निमित्त करून आत गेलो. बाहेर आलो तेव्हाही हात तसेच होते.

यंदा होळीनंतर तांडेलबाबा गेले. दहाव्यानंतर त्यांच्या लेकीचा फोन आला, तेव्हा मी ब्राह्मणपुरीतच होतो. बाई म्हणत होत्या, बोट तुमच्या कष्टाची आहे, परत पाठवू का? घरात लहान मुलं आहेत, हात लावतात, मोडतील.

"राहू द्या," फुवा म्हणाले. "खेळू द्या त्यांना. मोडली तर मला कळवा. मी येऊन नीट करून जाईन."

फोन त्यांनी खाली ठेवला. हल्ली पाण्याचा पेलाही त्यांना दोन्ही हातांनी धरावा लागतो. फुईनं तो भरून पुढे केला, आणि फुवा तो ओठांशी नेईपर्यंत तिनं खालून तळहाताचा आधार देऊन ठेवला.