तारेवाल्या ताई

तारेवाल्या ताईंसमोर कोणालाही बसून बोलता येत नसे. निदान क्रॉनबद्दल, म्हणजे मशीनच्या वेळापत्रकाबद्दल तरी. मशीनने ठरावीक वेळी आपोआप करायचं एखादं काम लावलंत, की खुर्चीतून उठायचं, त्यांच्या टेबलाशी जायचं आणि लिहिलेली ओळ मराठीत मोठ्याने वाचून दाखवायची. मराठी न येणाऱ्यांना हिंदीची सवलत होती. इंग्रजीची कोणालाच नव्हती. "इंग्रजीत सगळंच बरोबर वाटतं," असं त्यांचं म्हणणं.

मी नाशिकहून इंदूरला नोकरीला आलो तेव्हा आमचं ऑफिस विजय नगरात एका मोबाइलच्या दुकानाच्या वर होतं. दवाखाने, शाळा, सोसायट्या यांचे मेसेज त्यांच्या ग्राहकांना वेळच्या वेळी पाठवणं हे आमचं काम. ते सगळं चालायचं क्रॉनच्या ओळींवर. एका ओळीत पाच जागा: मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार. जिथे आकडा नाही तिथे तारा, म्हणजे * ही खूण काढायची. त्या ताऱ्यांवरूनच तारेवाल्या झालेल्या ताईंचं खरं नाव वसुधा, पण ते फक्त पगाराच्या स्लिपवर उरलं होतं.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला पकडलं. इंदुरात भाऊला भिया म्हणतात. "हे बघ भिया, तारा मतलब हर एक. जिथे तारा टाकशील तिथे मशीनला पूर्ण छूट. आणि मशीन लबाड नाहीये, आज्ञाधारक आहे. लबाडाला सांभाळता येतं. आज्ञाधारक फार जड जातो."

याचा अर्थ मला पुढच्याच महिन्यात कळला. आमचे मॅनेजर पुण्याचे. उभं राहून वाचण्याचा प्रकार त्यांना पोरकट वाटायचा. एका दंतवैद्याचं काम त्यांनी स्वतःच लावलं: पेशंटना रोज सकाळी नऊला एक आठवण, 'आपले दात आपली वाट पाहत आहेत.' दुसऱ्या दिवशी नऊ वाजता मेसेज गेला. नऊ वाजून एका मिनिटाने पुन्हा गेला. मग पुन्हा. ताई डबा ठेवत होत्या तेव्हा डॉक्टरांचा फोन आला. क्लिनिकबाहेर माणसं जमली होती. एक आजोबा म्हणत होते, इतक्या वेळा बोलावताय म्हणजे दुखणं मोठं असणार, मला खरं ते सांगा.

ताईंनी आधी काम बंद केलं, डॉक्टरांची माफी मागितली आणि मग मॅनेजरकडे वळल्या. "साहेब, आता उभं राहून वाचा."

साहेब उभे राहिले. "रोज नऊ वाजता."

"ते तुमच्या मनात आहे. लिहिलंय ते वाचा."

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं. मिनिटाच्या जागी शून्य हवं होतं, तिथे तारा होता. "नऊच्या तासातलं," ते हळूच म्हणाले, "हर एक मिनिट."

"बस. एवढंच," ताई म्हणाल्या आणि त्यांना अर्धी कचोरी दिली. संध्याकाळी त्या डॉक्टरांनीच पुन्हा फोन केला. आजोबांची एक दाढ खरंच किडलेली निघाली होती, आणि इतके पेशंट एका दिवसात त्यांनी कधी पाहिले नव्हते. डॉक्टर रागावलेलेच होते, पण मधूनमधून राग विसरत होते.

ताईंना काही कामं नाकारायलाही आवडायचं. एका सोसायटीचे सेक्रेटरी आले. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, तर त्या दिवशी सकाळी सगळ्यांना मेसेज जावा. मी म्हटलं, सोपं आहे, तारखेच्या जागी 'दर दोन' लिहू. ताईंनी चष्मा काढला. "आणि एकतीस तारखेनंतर?" मी बोटांवर मोजू लागलो. "एकतीसला मेसेज जाणार, पुढे लगेच एक तारखेला परत जाणार. नळाला महिना संपलेला कळत नाही, मशीनला कळतो. सोसायटीवाले माझ्या नावाने बादल्या वाजवतील." सेक्रेटरींना त्यांनी चहा पाजला आणि सांगितलं, "भाईसाहब, आप व्हॉट्सअॅप पे खुद ही लिख दिया करो. दो मिनट का काम है."

स्वतः करायला हवं असं एक काम मात्र ताईंनी मशीनवर सोपवलं होतं. त्यांचे वडील, अप्पा, रेल्वेत गार्ड होते. निवृत्तीनंतर ते छत्रीबागेतल्या घरी एकटेच राहत. मुलीच्या फ्लॅटमध्ये यायला तयार नव्हते, कारण तिथे लिफ्टमध्ये लोक बोलत नाहीत. त्यांना सकाळी रिकाम्या पोटी एक गोळी असायची, ती घेतल्यावर अर्ध्या तासाने चहा आणि पोहे. म्हणून रोज आठ वाजता ताईंच्या नंबरावरून त्यांना मेसेज जाई: 'अप्पा, गोळी घेतली का?'

अप्पा दररोज उत्तर लिहीत. 'घेतली. दूध उतू गेलं.' 'घेतली. शेजारच्या मांजरीला तीन पिल्लं झाली. एकाला माझ्यासारखे कान.' जेवणाच्या सुट्टीत ताई ती उत्तरं आम्हाला वाचून दाखवत. मेसेज मशीन पाठवतं हे अप्पांना माहीत नव्हतं. माझी मुलगी घड्याळासारखी आहे, असं ते गल्लीभर सांगत.

मग आम्ही नवा सर्व्हर, म्हणजे हे मेसेज पाठवणारं नवं मशीन घेतलं. त्याचं घड्याळ इथल्यापेक्षा साडेपाच तास मागे होतं. ताईंनी ग्राहकांची प्रत्येक ओळ आम्हाला उभं करून वाचून घेतली आणि वेळा दुरुस्त केल्या. अप्पांची ओळ ताईंच्या स्वतःच्या खात्यात होती. ती कोणी वाचली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही डबे उघडतच होतो, तेवढ्यात छत्रीबागेतून शेजारीणबाईंचा फोन आला. अप्पांना चक्कर आली होती. ताईंनी गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. मी त्यांना मागे बसवून निघालो. वाटेत त्या एकच वाक्य बोलल्या, "राजवाड्याकडून नको नेऊ, तिथे ट्रॅफिक असतं."

अप्पा पायरीवर बसले होते. शेजारीणबाईंनी साखरपाणी पाजलं होतं. डॉक्टरही येऊन गेले होते. घाबरण्यासारखं काही नव्हतं, पोट रिकामं होतं इतकंच; आज गोळी राहू द्या, आधी खाऊ घाला, असं ते सांगून गेले होते.

"अप्पा, नाश्ता का नाही केला?"

"गोळी घेतली नव्हती ना."

"मग गोळी का नाही घेतली?"

"तुझा मेसेज नव्हता. म्हटलं मीटिंगमध्ये असशील." अप्पा जरा ताठ बसले. "सिग्नल नसताना गाडी सोडायची नसते."

ताई आत गेल्या. पोहे भिजवले, कांदा चिरला. बशी घेऊन बाहेर आल्या आणि त्यांना भरवायला लागल्या. अप्पा नको म्हणत खात होते. निम्मे पोहे झाले असतील, दुपारचा दीड झाला, म्हणजे नव्या सर्व्हरचे सकाळचे आठ, तोच अप्पांच्या खिशातला फोन वाजला. अप्पांनी फोन डोळ्यांपासून लांब धरून वाचला: 'अप्पा, गोळी घेतली का?'

त्यांनी ताईंच्या हातांकडे पाहिलं. एकात बशी, एकात चमचा. मग फोनकडे. मग माझ्याकडे. मी मांजरीच्या पिल्लांकडे पाहू लागलो.

"वसू, हे कोण पाठवतंय?"

ताईंनी सांगितलं. उभं राहूनच, मराठीत, एकही इंग्रजी शब्द न वापरता.

अप्पा म्हणाले, "म्हणजे दूध उतू गेल्याचं मी सांगत कोणाला होतो?"

"मला, अप्पा. मी सगळं वाचत होते. रोज." चमचा तसाच हवेत राहिला.

अप्पांनी तो चमचा स्वतःच्या हाताने तोंडात घेतला, सावकाश चावलं आणि फोन पुढे केला. "याला आता काय लिहू? वाट बघत असेल."

आधी हसल्या त्या ताईच. आणि हसता हसता पदराने डोळे पुसत राहिल्या.

त्याच दिवशी ऑफिसात परतल्यावर त्यांनी ती ओळ पुसून टाकली. दुसऱ्या दिवसापासून त्या सकाळी आधी छत्रीबागेत जाऊ लागल्या आणि ऑफिसला उशिरा येऊ लागल्या. मॅनेजरांनी सकाळची मीटिंग पुढे ढकलली. कारण विचारलं नाही. अप्पांची मात्र तक्रार होती. "मशीन बरं होतं," ते मला म्हणाले. "एकच प्रश्न विचारायचं. ही आल्यावर फ्रीज उघडते."

दोन वर्षांनी मी नाशिकला परत आलो. निघताना ताईंना म्हटलं, दर रविवारी सकाळी फोन करीन. त्यांनी मान हलवली. "ठरवू नकोस. ठरवलेलं काम मशीनही करतं."

मी काही ठरवलं नाही, आणि मग नेहमीचं झालं, फोन राहून गेला. परवा मंगळवारी, भर कामात, ताईंचा फोन आला. मी दचकलो. अप्पांचं वय झालंय.

"ताई, सगळं ठीक ना?"

"एकदम. अप्पा दाढी करून घेताहेत, मी न्हाव्याच्या बाकावर बसलेय."

"काही काम होतं का?"

"काम कसलं? बसले होते, तुझी आठवण आली."

मी लॅपटॉप मिटला. अप्पांची दाढी होईपर्यंत आम्ही बोललो. मग न्हाव्याने त्यांच्या मिशीला हात घातला, तेव्हा आणखी थोडा वेळ.