दारात सांगायचं दुखणं

सौंसर-पांढुर्ण्याकडचा माणूस डॉक्टरसमोर खुर्चीवर बसून दुखणं सांगत नाही. बसल्या बसल्या गाऱ्हाणं गाणं त्याला बरं दिसत नाही. आधी संत्र्याचा बहार, मग जामसांवलीच्या मारुतीला शनिवारी किती गर्दी होती ते, मग "बाकी बरं हाय जी." तपासून झालं, पर्ची हातात पडली, की तो उठतो, दारापर्यंत जातो, पडद्याला हात लावतो आणि वळून म्हणतो, "तसं कायी नाई मॅडम, पण..." खरं दुखणं त्या 'पण'च्या पुढे असतं. मी पांढुर्ण्याचीच, त्यामुळे हे मला कुणी शिकवायची गरज पडली नाही. सौंसरच्या दवाखान्यात लागले तेव्हापासून पर्ची लिहून झाली की मी पेन खाली ठेवायचे आणि पडद्याकडे बघत बसायचे.

मग टेबलावर कॉम्प्युटर आला. त्याला घाई फार. नाव, गाव, मुख्य तक्रार, कधीपासून, सवयी, ॲलर्जी, सगळं भरल्याशिवाय औषधाची पर्ची छापून देत नाही. एक रकाना रिकामा राहिला की लाल होऊन बसतो, लग्नात मान न मिळालेल्या जावयासारखा. आणि शेवटचं बटण दाबलं की नोंद बंद, लगेच बाहेरच्या पाटीवर पुढचा नंबर. माझा राग तसाही नाकावर. की-बोर्ड मी असा बडवायचे की आमच्या सिस्टर म्हणायच्या, "मॅडम, त्याले कायले मारून राहिल्या? एखाद्या दिवशी त्यालेच भरती करा लागन."

संत्र्याची तोडणी चालू होती, तेव्हाची गोष्ट. मोहगावकडचे एक आजोबा ब्लडप्रेशरच्या गोळ्या न्यायला आले. सोबत आजी. आजोबा मुलखाचे अबोल. काय होतंय, असं मी स्क्रीनकडे बघतच विचारलं.

"कायी नाई. बरं हाय जी."

प्रेशर ठीक निघालं. 'तक्रार नाही' असं भरलं, बटण दाबलं, पर्ची दिली. बाहेर घंटी वाजली आणि पुढचा पेशंट खोकत खोकत थेट आत घुसून खुर्चीवर बसला. त्याचं गाव टाइप करता करता मी सहज मान वर केली, तर पडद्याच्या कडेवर चार बोटं दिसली. आजी बाहेरच्या गर्दीत ढकलल्या गेल्या होत्या, पण पडदा काही त्यांनी सोडला नव्हता.

"थांबा!" मी एवढ्या मोठ्याने ओरडले की खोकणारा खोकायचा थांबला. "आजी, आत या. काय म्हणत होत्या?"

"तसं कायी नाई मॅडम," आजी संकोचून म्हणाल्या, "पण यायले कालपासून छातीवर गोटा ठेवल्यावानी होऊन राहिलं. क्रेट उचललं का घाम फुटते. म्हणते ग्यास हाय, मॅडमले सांगू नको, तोडा होऊ दे."

"तुले कोनं बोलाले सांगतलं?" आजोबा मागून पुटपुटले.

तो गॅस नव्हता. ईसीजीत हृदयविकाराचा झटका स्पष्ट दिसत होता. ताबडतोब नागपूरला पाठवायचं, तर कॉम्प्युटर म्हणे नोंद बंद झाली आहे, तक्रार नाही! तळपायाची आग मस्तकात गेली. कोरा कागद ओढला, सगळं हाताने लिहिलं, ॲस्पिरिनची गोळी माझ्यासमोर चघळायला लावली आणि ॲम्ब्युलन्स निघेपर्यंत आजोबांचा हात सोडला नाही. मी घाबरले होते. बाहेरच्या रांगेने मला मनात काय काय म्हटलं असेल ते न विचारलेलंच बरं.

आजोबा वाचले. तेव्हापासून पेशंट दाराबाहेर पडल्याशिवाय मी शेवटचं बटण दाबत नाही. वरून विचारणा होते, मॅडमच्या नोंदी एवढ्या रेंगाळतात कशा? मी सांगते, आमचा पेशंटच सावकाश चालतो.

परवा दोघंही आले. आजींनी संत्र्यांची पिशवी नेमकी की-बोर्डवर ठेवली आणि स्क्रीनवर आकडेच आकडे उमटू लागले. मी खुशाल उमटू दिले. आजोबांची तब्येत छान होती. "आणि आजी, तुमचं?"

"मले काय होते? बरं हाय."

दोघं उठले. आजी बाहेर पडल्या. आजोबा मात्र दारात घुटमळले. जन्मात तक्रार न केलेला तो माणूस पडद्याला हात लावून वळला.

"तसं कायी नाई मॅडम," ते हळूच म्हणाले, "पण तवापासून ही झोपूनच नाई राहिली. रातभर माह्या छातीवर हात ठेवून बसून रायते. इले बी पाहा ना जरा."

शेवटचं बटण मी अजून दाबलं नव्हतं. उठले आणि आजींना आत आणायला स्वतःच दारापर्यंत गेले.