फडकं गुंडाळलेले हात

मी बायकोला पहिल्यांदा मारलं ते लग्नानंतर आठव्या दिवशी, आणि शेवटचं तीन वर्षांपूर्वी. मधल्या सव्वीस वर्षांतलं सगळं आठवत नाही. ते शेवटचं लिहितो आहे, कारण त्या मारात तिच्या उजव्या हाताची दोन बोटं मोडली, आणि तो हात तेव्हा माझ्या वाट्याचं काम करत होता.

आम्ही तळ्यात मासे धरणारी माणसं. मी आणि थोरला भाऊ डोंग्यातून, म्हणजे लहान होडीतून, जाळं टाकायचो. बायको टोपली घेऊन आंधळगावच्या बाजारात बसायची, राखेत घोळलेली मरळ विळीवर कापत गिऱ्हाइकांशी मोठमोठ्यानं भांडायची, हसायची. घरात ती अशी कधीच नसायची.

भाऊ विधुर, मूलबाळ नाही. एका सकाळी तुमसरहून येताना माझ्या मोटारसायकलसमोर रानडुक्कर आडवं आलं. मला नुसतं खरचटलं. मागे बसलेल्या भावाचा मणका मोडला. कमरेखालचं सगळं गेलं.

दवाखान्यातून घरी आणल्यावर अकरा दिवस मी त्याचं हागमूत काढलं. बाराव्या दिवशी मला ओकारी झाली आणि मी बायकोला म्हणालो, "आता तू पाय याचं सगळं."

ती दारातच थांबली. "भासरे होत जी माहे. मी कसा हात लावू?"

भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्याकडे धाकट्याची बायको त्याला शिवत नाही, त्याच्यासमोर पदर ओढते. चुकून स्पर्श झालाच तर दोघंही आंघोळ करून दिवसभर उपाशी राहतात. ती हेच सांगत होती, आणि मी तिच्या तोंडात मारली. ती भिंतीवर आदळली. मग तोडही मीच काढली. जुन्या लुगड्याचं फडकं दोन्ही हातांना कोपरापर्यंत गुंडाळायचं, तोंड भिंतीकडे फिरवायचं आणि पुसून काढायचं. मधे कापड आलं की ते शिवणं होत नाही. शेजारच्या म्हातारीनंही मान डोलावली. मला तेव्हा माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं.

बायकोचा बाजार सुटला. मासे मी तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावरच, ठोक देऊ लागलो.

भावाला लाज खायची, आणि ती लाज तो तिच्यावर काढायचा. थुंकायचा, शिव्या द्यायचा, हाताला येईल ते फेकायचा. भिंतीकडे तोंड केलेल्या बाईला लोटा कुठून येतोय ते दिसत नव्हतं. एकदा तिची भुवई फुटली. मी म्हणालो, "सहन कर. दुखन्यातला मानूस आहे."

"मी कोन्त्या सुखात आहो?" ती म्हणाली. त्याबद्दलही तिला दोन बसल्या.

पाचव्या महिन्यात खोलीत वेगळाच वास येऊ लागला. फडक्यातून बोटांना काही कळत नव्हतं आणि डोळ्यांना पाहायची बंदी. भावाच्या माकडहाडावर जखम पडून ती आत आत सडत गेली होती. तो सांगू शकत नव्हता, कारण तिथलं त्याला जाणवतच नव्हतं. मी रोज दारातून विचारायचो, "बरा आहेस ना भाऊ?" आणि निघून जायचो.

एका दुपारी तळ्यावरून आलो तर म्हातारी दारात उभी. "पाय बाबू, भासऱ्याले उघडा करून बसली तुही बायको."

आत फडकं कोपऱ्यात पडलं होतं. पदर कमरेला खोचून, भावाला कुशीवर वळवून, बायको उघड्या बोटांनी त्याच्या जखमेतले किडे काढत होती. मी किडे पाहिले. आधी किडेच पाहिले, हे मला कबूल केलं पाहिजे. तरीही डोंगा ढकलायचा बांबू मी उचलला.

पहिला घाव तिच्या पाठीवर बसला. दुसऱ्याला तिनं उजवा हात वर केला. डावा तिनं भावाच्या खांद्यावरून काढला नाही, काढला असता तर तो उलटून जखमेवर पडला असता. बोटं मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

"काहून मारतं बे तिले?" भाऊ ओरडला. "किडे पडले मले! थे नसती त आतून खाल्लं असतं मले!"

मी तिसऱ्यांदा बांबू उगारला. भावानं दोन्ही हातांनी खाटेची कड धरून कूस सावरली. ती उठली, चुलीजवळची विळी डाव्या हातात घेतली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"मारा आता. मारून त पाहा." तिचा आवाज शांत होता. "तुमचा भाऊ होय. तुमचे हात लावा."

बांबू माझ्या हातून खाली आला. ती एकटीच दवाखान्यात गेली. बोटं कशानं मोडली ते तिनं तिथे काय सांगितलं, हे मी अजून विचारलेलं नाही.

तेव्हापासून मी करतो. जखम भरायला सात महिने लागले. दर दोन तासांनी कूस बदलायची, धुवायचं, पुसायचं, कपडे उकळायचे. दिवस कसा संपतो कळत नाही, आणि संध्याकाळी काही केलं असं दाखवायला हातात काहीच नसतं. ती बाजारात जाते. बोटं वाकडीच राहिली. विळीवर मासा धरायला तिला वेळ लागतो.

गावात मात्र माझी कीर्ती झाली. दोन महिन्यांपूर्वी बपेऱ्याला एका लग्नाच्या पंगतीत एक नातेवाईक मोठ्यानं म्हणाला, "भाऊ असावा त असा!"

हातातला घास मी ताटात परत ठेवला. मी म्हणालो, "माझ्याआधी पाच महिने हिनं केलं. आणि करता करता हिची बोटं मी मोडली."

मग तोच म्हणाला, "अरे, बायकोले दोन देल्ल्या त काय झालं! थे काम त बाईचंच होय. तू मरद असून करतं, त्याची गोठ मोठी आहे."

पंगत हसली. आणि मीही हसलो.

समोरच्या ओळीत बायको होती. ती भरल्या ताटावरून उठली.

त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाही. बाजारातून आली की पदर न ओढता सरळ भावाच्या खाटेशी जाते आणि विचारते, "कूस बदलून देली काय त्यानं?" तो हो म्हणाला तरच टोपली खाली ठेवते.